डबा जपून ठेवू नका

गेल्या वर्षीच्या जूनमधला दुसरा शनिवार, दुपारी चार. ठिकाण: हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल. पंखे दोन, चालू एक.

हजर: ईरा, वय सहा, शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. तिची आई रेवती, बँकेत नोकरी. तिची आजी, अख्ख्या गल्लीच्या त्या आजीच, म्हणून माझ्याही. घरी स्वयंपाकाला मदत करणारी यादम्मा. शाळेची ऑटो चालवणारे गफूरभाई. आणि वर्ग घेणारी मी.

गैरहजर: ईराचे वडील, कंपनीच्या कामाने बहुतेक वेळ पुण्याला. शाळेकडून कोणी नाही. शाळेला दोनदा कळवलं होतं.

हजेरी घेतल्याशिवाय मी वर्ग सुरू करत नाही. लोक हसतात. हसू देत. मुलाला काही झालं तर त्या क्षणी त्याच्याजवळ कोण असेल, हे आधी कोणालाच ठरवता येत नाही. म्हणून जे जे असू शकतात ते सगळे माझ्यासमोर बसले पाहिजेत, आणि जे आले नाहीत त्यांची नावं मोठ्याने वाचली गेली पाहिजेत.

मी वाघमारे सिस्टर. नोकरीची बहुतेक वर्षं कोठीजवळच्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात गेली. पाठीच्या दुखण्याने लवकर निवृत्ती घेतली. राहते काचीगुड्याला, वडिलांना रेल्वेत नोकरी होती तेव्हापासून. निवृत्त नर्सने काय करावं याबद्दल नातेवाइकांचे विचार पक्के होते: नातवंडं सांभाळावीत, विहारात जावं, गुडघ्यांना तेल लावावं. मी दर शनिवारी मोसंब्या विकत घेऊन लोकांना सुया टोचायला शिकवू लागले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काही मुलांच्या शरीराला एखादा पदार्थ शत्रू वाटतो. कोणाला दूध, कोणाला अंडं, कोणाला काजू. बऱ्याचदा अंगावर गांध्या उठतात, खाज सुटते, गोळीने बसते. पण कधी कधी सगळं शरीर एकदम पेटतं. ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, खोकला थांबत नाही, उलटी होते, मूल गळून जातं. डॉक्टर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि तेही लगेच. गोळीने खाज थांबते, घसा उघडत नाही. बाहेरदेशी हे औषध तयार पेनमध्ये मिळतं म्हणे, टोपण काढलं की झालं. माझ्याकडे येणाऱ्या घरांना ते पेन सहज मिळत नाही. त्यांना डॉक्टर काचेची कुपी आणि सिरिंज लिहून देतात, मुलाच्या वजनाप्रमाणे सिरिंजवर खूण करून. कुपीची मान मोडायची, खुणेपर्यंत औषध ओढायचं, टोचायचं. मग मुलाला आडवं ठेवायचं, धाप असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करायचं नाही की चालवायचं नाही. रुग्णवाहिका बोलवायची आणि बरं वाटलं तरी इस्पितळात जायचंच.

हे वाचून कोणी सुई हातात घेऊ नये. तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल आणि कोणीतरी समोर बसवून शिकवलेलं असेल, तरच.

मी हे शिकवते याला पहिला विरोध इस्पितळातूनच झाला. एक मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, घरच्या बायकांच्या हातात सुया देऊ नका. गोंधळ होईल." मी म्हटलं, "सर, त्याच बायका सासऱ्यांना रोज इन्सुलिन टोचतात. तेव्हा गोंधळ होत नाही?" ते म्हणाले, "ती गोष्ट वेगळी." वेगळी कशी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी वर्ग थांबवला नाही.

वॉर्डातल्या एका मुलाबद्दल लिहायला हवं, पण फार लिहिणार नाही. काचीगुड्याच्याच एका घरातला. त्याला खांद्यावर टाकून आणलं होतं आणि उशीर झाला होता. औषध त्याच्या घरात होतं. डॉक्टरांनी दिलेली कुपी, सिरिंज, सगळं. लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात, दागिन्यांशेजारी, कुलपात. किल्ली आजोबांच्या कमरेला आणि आजोबा पेन्शनच्या कामाने पोस्टात गेलेले. त्याची आई वॉर्डाच्या दारात उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: "आम्ही नीट जपून ठेवलं होतं हो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यात निष्काळजीपणा नव्हता, उलट नको तितकी काळजी होती. आपल्याकडे वस्तूला मान द्यायचा म्हणजे ती आत ठेवायची. चांगल्या कपबशा शोकेसमध्ये, चांगली चादर पाहुण्यांसाठी, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. औषध जितकं महत्त्वाचं तितकं ते आत, आणखी आत. मी घरोघर जाऊन पाहिलं आहे. एका गृहस्थांनी कुपी बँकेच्या कागदांबरोबर सुटकेसमध्ये ठेवली होती आणि सुटकेस पलंगाखाली, पलंगावर सासूबाई. एका घरी कुपी-सिरिंजचा डबा भेटवस्तूच्या कागदात गुंडाळलेला होता, धूळ बसू नये म्हणून. एका हौशी काकांनी तो बर्फाच्या कप्प्यात घातला. मी विचारलं, "का?" तर म्हणाले, "हैदराबादचा उन्हाळा आहे, सिस्टर." उन्हाळ्याचं त्यांचं बरोबर होतं; ऊन आणि उकाड्यापासून ते जपावंच लागतं. पण गोठवायचं नसतं.

म्हणून माझ्या वर्गात मोसंबी नंतर येते. आधी प्रश्न येतो: डबा कुठे आहे, आणि तिथे कोणाला जाता येत नाही?

त्या जूनच्या शनिवारी मी तो विचारला.

"डबा देवघरात आहे," आजी म्हणाल्या. अभिमानाने म्हणाल्या, आणि अभिमान वाटावा अशीच ती जागा होती त्यांच्या हिशेबाने. "गार जागा, ऊन नाही. कोणी हलवत नाही. आणि देवापाशी आहे."

"छान. तिथे कोणाला जाता येत नाही?"

"असं काय विचारता? घरचं देवघर आहे. सगळे जातात."

मी हजेरीचा कागद उचलला. "यादम्मा जाते?"

यादम्माने पायांकडे पाहिलं. "मैं बाहर से झाडू लगाती अम्मा," ती म्हणाली. "अंदर नै."

"गफूरभाई?"

गफूरभाई हसले. "मैं तो सीढ़ियों तलकिच आता, सिस्टर. हॉर्न मारता, बच्ची आ जाती."

"रेवती?"

रेवतीने सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "जाते," ती म्हणाली. मग म्हणाली, "ते चार दिवस सोडून."

रेवती बँकेच्या काउंटरवर बसते. त्या चार दिवसांत ती लोकांच्या लाखाच्या नोटा मोजते आणि कोणाच्या पैशाला काही होत नाही. पण हे मी बोलले नाही. मी एवढंच म्हटलं, "आजी, म्हणजे घरात डब्यापर्यंत केव्हाही जाऊ शकणाऱ्या तुम्ही एकट्या."

"मी घरीच असते."

"देवळात जाता. बहिणीकडे बरकतपुऱ्याला जाता. भाजीला जाता."

"सिस्टर," आजी म्हणाल्या, "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"नांदेडकडच्या."

"आडनाव काय म्हणालात?"

"वाघमारे."

"बरं."

त्या 'बरं'ची लांबी मला लहानपणापासून माहीत आहे. त्यात अपमान नसतो. एक दार फक्त हळूच लोटून घेतलेलं असतं, कडीचा आवाज न करता.

"आमच्या घरचं तुम्हाला कसं कळणार," आजी म्हणाल्या. "देवाधर्माच्या गोष्टी आहेत. उगं प्रत्येक गोष्टीत कशाला शिरायचं? आमच्यात शेंगदाण्याने कोणी गेलेलं नाही."

"कळतं मला," मी म्हटलं. "कुठल्या खोलीत कोणाला जाता येत नाही, हे विचारायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. माझ्या आजीला अर्ध्या गावात जाता येत नव्हतं. तुमच्या देवाशी माझं भांडण नाही, आजी. तो डबा तिथे अडकला आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. डबा बाहेर काढा, देव आत राहू द्या."

आजी उठल्या. पदर सावरला, ईराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हॉलबाहेर गेल्या. घरी गेल्या नाहीत, कारण घरी जायची ऑटो गफूरभाईंची आणि गफूरभाई माझ्या वर्गात. व्हरांड्यात खिडकीखाली खुर्ची होती, तिथे पाठ करून बसल्या.

मी मोसंब्या काढल्या.

मोसंबीची साल आणि मुलाची मांडी यांत साम्य फार नाही, पण हात कापायचा थांबायला ती पुरते. सिरिंजमध्ये पाणी भरायचं आणि टोचायचं. कुपी मोडायची भीती सुईपेक्षा मोठी असते. काच कडकन मोडते, आणि लोकांना वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. मी रिकाम्या कुप्या मोडायला देते. यादम्माने पहिली मोडली तेव्हा डोळे मिटले होते. "डोळे उघडून," मी म्हटलं. "भयम अम्मा," ती म्हणाली. "भीती राहू दे, डोळे उघड." तिने मोडली.

गफूरभाईंनी मोसंबी हातात धरून तिला निरखलं. "मोसंबी रोती नै सिस्टर. बच्ची तो रोएगी ना."

"रोने देव. रोती बोले तो साँस चलरी."

"और पाँव झटकी तो?"

"त्यासाठी दुसरं माणूस," मी मराठीत सगळ्यांना सांगितलं, आणि खिडकीकडे तोंड करून सांगितलं, थोडं मोठ्याने. "एकाने टोचायचं, एकाने पाय धरायचा. गुडघ्याच्या वर, घट्ट. पाय हलला तर सुईने ओरखडा जातो. आणि उचलून नाचवायचं नाही. आडवं ठेवायचं."

मोसंब्या खाता येतील का, असं ईराने विचारलं. टोचलेल्या नाही, म्हटलं, आणि तिला वेगळी दिली.

आजी शेवटपर्यंत आत आल्या नाहीत. जाताना मला नमस्कार केला, पद्धतशीर. डबा देवघरातच राहिला.

पुढच्या आठवड्यात मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. सभ्य माणूस. चहा घेतला, बिस्किट घेतलं, मग म्हणाले, "सिस्टर, वर्ग उत्तम आहे. तेवढा देवघराचा प्रश्न वगळा. तक्रार आली आहे. आपलं मंडळ सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं आहे म्हणूनच विचारते."

"लोक दुखावतात."

"दुखावलेला माणूस आठवड्याने बरा होतो," मी म्हटलं. "प्रश्न राहणार. हॉल नको असेल तर तसं सांगा, मी जिन्यात वर्ग घेईन."

ते हसले, मी थट्टा करते आहे असं वाटून. जुलैपासून हॉल मिळाला नाही; त्या महिन्यातले सगळे शनिवार मी आमच्या इमारतीच्या जिन्यात वर्ग घेतले. पायऱ्यांवर लोक आपोआप ओळीने बसतात, मागच्यांना दिसतं. हॉलपेक्षा सोय चांगली. मोसंबीच्या वासाची तक्रार फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी केली, आणि त्यांनाही मी कुपी मोडायला शिकवली.

मग गणपती आले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. रेवतीने सांगितलं, यादम्माने सांगितलं, गफूरभाईंनी तर प्रत्येक वेळी थोडं वाढवून सांगितलं. तिघांचं जिथे जुळतं तेवढंच लिहिते.

त्यांच्या इमारतीत खाली सगळ्यांचा मिळून गणपती बसतो. प्रसादाला पुलिहोरा होता, म्हणजे चिंचेचा भात. आमच्या हैदराबादेत तो सगळीकडे असतो, आणि त्यात शेंगदाणे असतातच. खालच्या मजल्यावरच्या राव आंटींना ईराचं माहीत होतं. त्या चांगल्या बाई आहेत. ईराला प्रसाद मिळत नाही याचं त्यांना वाईट वाटे. त्यांनी तिच्यापुरता भात वेगळा घेतला आणि एकेक शेंगदाणा वेचून काढला. एकही ठेवला नाही. मग तो भात तिला दिला. देवाच्या दारातून मुलीला उपाशी कसं पाठवायचं?

दाणे काढले तरी भातात दाण्याचं काही ना काही उरतंच. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या हजेरीत त्यांचं नाव नव्हतं. आता शेजाऱ्यांची नावं असतात.

ईरा यादम्माजवळ आली आणि म्हणाली, जीभ टोचते. तोवर मानेवर गांध्या आल्या होत्या. यादम्माने तिला दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि लिफ्टने वर आणली. वर येईतो खोकला सुरू झाला होता आणि आवाज बदलला होता.

घरात दोघीच होत्या. रेवती मागच्या खोलीत, कारण तिचे ते चार दिवस नेमके गणपतीत आले होते. आणि आजी सोवळ्यात, रेशमी पातळ नेसून, देवघरात संध्याकाळच्या आरतीची तयारी करत होत्या.

यादम्मा ओरडली. रेवती खोलीतून बाहेर आली, तिने ईराचं तोंड पाहिलं आणि देवघराकडे बघून म्हणाली, "आई, डबा."

म्हणजे जूनमध्ये मी जे कागदावर मांडलं होतं ते आता जसंच्या तसं उभं होतं. ज्यांना टोचता येत होतं त्यांना आत जाता येत नव्हतं. आणि जी आत होती ती मोसंबी टोचायच्या आधी उठून गेली होती.

आजींनी डबा घेतला. उंबऱ्यापर्यंत आल्या. आणि तिथे थांबून त्यांनी तो जमिनीवर ठेवला.

बाजूला बसलेल्या बाईच्या हातात हात लावून काही देत नाहीत. खाली ठेवायचं, आपण मागे सरायचं, मग तिने उचलायचं. आजींनी हे आयुष्यभर केलं होतं. त्यांच्या हाताने ते आपसूक केलं. डोक्याला विचारलं नाही. डबा खाली ठेवला आणि एक पाऊल मागे सरल्या. पोर समोर श्वासासाठी धडपडत होती.

रेवती म्हणते, त्या क्षणी तिला सासूचा राग आला नाही, स्वतःचा आला. कारण तीही डबा खाली ठेवायची वाट पाहत उभी होती.

तिने डबा उचलला. कुपी मोडली. खुणेपर्यंत औषध ओढलं. यादम्माने ईराला जमिनीवर आडवी ठेवली आणि रुग्णवाहिकेला फोन लावायला घेतला. ईरा पाय झाडायला लागली. रेवतीकडे हात दोन आणि दोन्ही सुईत गुंतलेले.

"पाय मी धरते," आजी म्हणाल्या.

उंबरा ओलांडून त्या खाली बसल्या आणि पाय धरला, गुडघ्याच्या वर, घट्ट, दोन्ही हातांनी. रेवतीच्या खांद्याला खांदा लावून. "टोच," म्हणाल्या.

रेवतीने लेगिंग्जवरूनच टोचलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ईरा किंचाळली. यादम्मा सांगते की पोर किंचाळली तेव्हा ती स्वतः हसायला लागली, कारण माझं वाक्य आठवलं. रोती बोले तो साँस चलरी.

रुग्णवाहिका निघाली होती, पण पुढच्या चौकात मिरवणूक आणि मांडव. वाट बघायची की निघायचं? रुग्णवाहिका चौकापलीकडेच अडकली आहे असं कळलं, तेव्हा यादम्माने गफूरभाईंना बोलावलं. मी नेहमी सांगते की रुग्णवाहिका पहिली. त्यांनी पहिली बोलावली होती. ती पोचू शकत नव्हती.

ऑटोच्या मागच्या सीटवर ईरा आडवी, डोकं रेवतीच्या मांडीवर, पाय आजींच्या मांडीवर; यादम्मा पुढे गफूरभाईंच्या शेजारी. आजी अनवाणी, सोवळ्याच्या पातळात, आणि हातात दुसरी कुपी आणि सिरिंज, लागली तर असावी म्हणून. ढोल वाजत होते. गफूरभाई हॉर्नऐवजी तोंडानेच ओरडत होते, "बच्ची है, रस्ता देव, बप्पा के वास्ते रस्ता देव." ते सांगतात, मिरवणुकीतल्या पोरांनी दोरी धरून वाट करून दिली. हे मात्र तिघांनीही सांगितलं.

दुसरं इंजेक्शन लागलं नाही. इस्पितळात पोचेपर्यंत ईराचा आवाज परत आला होता आणि ती सुईची तक्रार करत होती. तिला देखरेखीखाली रात्रभर ठेवून घेतलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शन कोणी दिलं?"

"मी," रेवती म्हणाली.

"आम्ही," आजी म्हणाल्या.

मला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सगळं झाल्यावर. माझ्या वर्गाचा तो नियमच आहे: मला फोन करण्यात वेळ घालवायचा नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी मला सारखं हाका मारून बोलावलं. सिस्टर इकडे, सिस्टर तिकडे. मला न बोलावता एक मूल वाचलं, ही माझ्या कामाची सगळ्यात मोठी पावती आहे असं मी समजते, आणि हे समजायला मला कोणाची परवानगी नको.

आठवड्याने आजींनी बोलावणं पाठवलं. मी गेले. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या बोळकांडीत, भिंतीला खिळा आणि खिळ्याला लाल गोफाने बांधलेला तो डबा. ऊन नाही, चुलीची धग नाही. यादम्माच्या हाताला येईल इतका खाली. ईराच्या हाताला न येईल इतका वर. जागा उत्तम होती, आणि मी काहीतरी खोट काढायचा प्रयत्न केला तरी निघाली नाही.

"तुमचं ऐकलं म्हणून नव्हे," आजी म्हणाल्या.

"नाही."

"मला पटलं म्हणून."

"तेच बरं."

"पाय धरायचं बाहेर ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज मोठा आहे."

"वॉर्डात लागतो."

मग त्यांनी देवघराचं दार पुरतं उघडलं. "बघा. आत आता काही ठेवलेलं नाही. या, बघून घ्या."

ते 'या' बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळलं. पण मी बोळकांडीतच उभी राहिले. म्हटलं, "मला डबा बघायचा होता, आजी. तो बघितला." त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी त्या वर्गाला आल्या, पहिल्या पायरीवर बसल्या, आणि मोसंबी मागून घेतली. पहिल्यांदा सुई वाकडी गेली. "दुसरी द्या," म्हणाल्या. रेवतीचे चार दिवस त्या घरात अजून आहेत. ती लढाई रेवतीची आहे आणि ती लढेल असं मला दिसतं आहे. माझं काम डब्यापुरतं.

मंडळाने हॉल परत देऊ केला. मी जिनाच ठेवला. प्रश्न तोच आहे.

आता राहिली शाळा. ईरा दिवसाचा मोठा भाग तिथे असते, आणि तिथे दुसरा डबा आहे. गेल्या वर्षभरात मी तीनदा गेले. प्रिन्सिपल मॅडम प्रत्येक वेळी प्रेमाने बसवतात, चहा मागवतात आणि ऑफिसातल्या स्टीलच्या कपाटाकडे बोट दाखवतात. "तुम्ही निर्धास्त राहा, सिस्टर. कुलपात आहे. आम्ही फार जपून ठेवलं आहे."

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"तुम्ही मीटिंगला गेलात तर?"

"माझ्या पर्समध्ये असते. हरवणार नाही."

मी त्यांना काचीगुड्याच्या त्या मुलाबद्दल सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या खोटं रडत नव्हत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणूनच तर कुलूप हवं. उद्या दुसऱ्या कोणा मुलाच्या हाताला सुई लागली तर?" मी म्हटलं, उंचावर लावा, खिळ्याला, शिक्षिकांच्या हाताला येईल असं. त्या म्हणाल्या, कमिटीला विचारते. कमिटीने काय सांगितलं ते मी दुसऱ्या खेपेला विचारलं, तिसऱ्या खेपेलाही विचारलं. शेवटच्या वेळी गेटपर्यंत एक तरुण शिक्षिका माझ्यामागे आली, ईराच्या वर्गाची. इकडे तिकडे बघून म्हणाली, "मॅम, तुमच्या वर्गाला मी आले तर चालेल?" ती आता दर शनिवारी येते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिला टोचता येतं. तिला कपाट उघडता येत नाही.

रेवती पालक म्हणून लेखी अर्ज देऊन आली आहे, आजींनीही त्यावर सही केली आहे. मंगळवारी आम्ही चौघी जाणार आहोत: रेवती, आजी, यादम्मा आणि मी. आणायला-सोडायला गफूरभाई. त्यांनी गाडीच्या डिकीतून मला एक स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला आहे. "वापस लाव सिस्टर, मीटर का है," म्हणाले. कपाटाची कडी मी नीट पाहून ठेवली आहे. ती बाहेरून स्क्रूने बसवलेली आहे.

आधी विनंती करू. मोसंब्या आणि सिरिंजा पिशवीत आहेत, स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या वरच ठेवला आहे, पटकन हाताला येईल असा. कडी अजून कपाटाला आहे.